ओरिजिनल रबर!

जुन्या मोटरसायकलींच्या शौकिनांमध्ये एक जात आहे, तिच्याशी आज भांडायचंय. ही मंडळी इंजिन अख्खं खोलतील, पिस्टन नवा घालतील, टायर बदलतील, क्रोम पुन्हा करून घेतील. पण पुढच्या ब्रेकचा रबरी होज काढून तारेच्या जाळीचा, म्हणजे ब्रेडेड होज घाला म्हटलं, की लगेच कपाळाला आठ्या. "अहो, पण तो ओरिजिनल आहे!"

ओरिजिनल आहे म्हणूनच तर काढायचा ना!

होंडा सीबी ७५० चं उदाहरण घेऊ. १९६९ साली आलेली ही गाडी. मोठ्या प्रमाणावर बनलेल्या मोटरसायकलींत हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणणारी पहिली. ७३६ सीसी, चार सिलिंडर, २०० किलोंहून जड. सुरुवातीच्या, वाळूच्या साच्यात ओतलेल्या क्रँककेसच्या गाड्यांसाठी आज लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. त्या गाडीला थांबवणारी मुख्य गोष्ट म्हणजे पुढची एकच डिस्क, आणि त्या डिस्कपर्यंत तुमच्या बोटांचा जोर पोचवतो तो रबरी होज. पन्नास वर्षांपूर्वीचं रबर. पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराचा टायर घालून तुम्ही ताम्हिणी उतराल का? मग?

रबर बाहेरून तडकतं ते दिसतं तरी. खरी गंमत आत होते. आतला थर फुगतो, सुटतो आणि वाट अरुंद होते. लिव्हर दाबला की जोरामुळे फ्लुइड कसंबसं पुढे जातं, पण सोडल्यावर परत यायला तेवढा जोर नसतो, कारण कॅलिपरचा पिस्टन मागे ओढणारं असतं फक्त एक रबरी सील. म्हणजे होजचा झाला एकदिशा व्हॉल्व्ह. ब्रेक धरून राहतो, डिस्क तापते, आणि मालक कॅलिपर खोलून बसतो. सीबी ७५० चा कॅलिपर एका फिरत्या आर्मवर असतो, तो आर्मही जाम होतो, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारून लोक मोकळे होतात. होजवर संशय सगळ्यात शेवटी.

आणि ज्या कंपन्यांच्या नावाने ही ओरिजिनलपणाची पूजा चालते, त्यांचं मत काय? यामाहाच्या कितीतरी मॅन्युअल्समध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, ब्रेकचे होज दर ४ वर्षांनी बदला. म्हणजे बनवणाऱ्याच्या लेखी ही वस्तू एअर फिल्टरच्याच जातकुळीतली आहे. आमच्या धंद्यातही असे लोक भेटतात. सर्व्हर सात वर्षं रीस्टार्ट केला नाही, हे अभिमानाने सांगतात. अरे, तो परत चालू होईल की नाही हे तुला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ!

आता दुसऱ्या बाजूचेही कान उपटतो. ब्रेडेड होज घातला की ब्रेक दुप्पट लागतो म्हणणारे. असं काही होत नाही. ब्रेकचा जोर ठरतो लिव्हर, मास्टर सिलिंडर आणि कॅलिपरच्या पिस्टनच्या मापांवर, पॅडवर आणि डिस्कवर. जाळीचा होज जोर वाढवत नाही, तो स्वतः फुगत कमी. त्यामुळे लिव्हरचा मऊपणा जातो आणि टायर कुठवर धरेल ते बोटांना कळतं. पावसात त्या जुन्या स्टेनलेस डिस्क पहिल्या क्षणी काहीच करत नाहीत, ते कुठल्याही होजने सुधारणार नाही. पण आतली नळी पीटीएफईची, म्हणजे तव्यावरच्या टेफ्लॉनची असते. ती ब्रेक फ्लुइडने फुगत नाही, रबरासारखी म्हातारी होत नाही. मला एवढं पुरेसं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा आलाच नव्हता. राजदूत ३५० ला ड्रम, बुलेटला ड्रम, येझदीला ड्रम. पण १९९९ साली आलेल्या हिरो होंडा सीबीझेडला पुढे डिस्क होती, आणि त्या गाड्या आता पंचविशी ओलांडून क्लासिक म्हणवून घेऊ लागल्यात. त्यांचे मालक नाना पेठेत चमकदार होज शोधत फिरतात. इथे मात्र सावधान. वर जाळी दिसली म्हणजे आत पीटीएफई असेलच असं नाही. त्याहून भयंकर म्हणजे जेसीबी-ट्रॅक्टरचे पाइप प्रेस करणाऱ्याकडून मापाचा होज करून घेणं. ते पाइप हायड्रॉलिक ऑइलसाठी असतात, आतलं रबर बहुधा नायट्राइल. डॉट ३ किंवा डॉट ४ फ्लुइड ग्लायकॉलचं, ते नायट्राइलला खाऊन टाकतं. चारशे रुपये वाचतील आणि ब्रेक एखाद्या उतारावर जाईल. होजवर डॉट असं छापलंय का बघा. त्यामागे अमेरिकेचं १०६ नंबरचं मानक आहे, त्यात होजला ३५ तास सतत हेलकावे देऊन तपासतात.

बसवणं अवघड नाही, घाई केली तरच नडतं. लांबी ठरवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि फोर्क पूर्ण लांब करून मोजायची. बँजो बोल्टचे आटे दोन प्रकारचे असतात, १० बाय १.२५ आणि १० बाय १.०. जुन्या जपानी गाड्यांना बहुतेक पहिला. चुकीचा बोल्ट दोन आटे गोड बोलून आत जातो आणि मग मास्टर सिलिंडरची वाट लावतो. तांब्याची वॉशर दर वेळी नवी. जाळी उघडी असेल तर ती टाकीचा, मडगार्डचा रंग कानशीसारखी घासते, म्हणून वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेलाच घ्या.

सीबी ७५० वाल्यांना आणखी एक. तुमच्या होजच्या मध्ये जो तिठा आहे, त्यात ब्रेकच्या दिव्याचा प्रेशर स्विच असतो. अखंड एकच होज टाकून तो तिठा उडवलात तर पुढचा ब्रेक मारल्यावर मागचा दिवा लागणार नाही. एक तर तिठा ठेवा, नाहीतर स्विचवाला बँजो बोल्ट घ्या. मग नवीन फ्लुइड, आणि एअर निघेपर्यंत लिव्हर मारत बसा. अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

आणि राहिला प्रश्न ओरिजिनलपणाचा. आवरण काळं घेतलंत तर चार फुटांवरून कुणाच्या बापाला कळत नाही :) काढलेला जुना होज फेकू नका. पुसून, पिशवीत घालून, तारीख लिहून कपाटात ठेवा. गाडी विकाल तेव्हा कागदपत्रांबरोबर देऊन टाका.