जिताड्याची दोरी आणि आपली खाडी

रविवारी सकाळी आपल्याकडच्या कुठल्याही उघाडीवर जा. आठ-दहा रॉड पाण्यावर झुकलेले दिसणारच. पुलावर मुंबई-पुण्याच्या गाड्या लागलेल्या, आणि आता गावातली पोरंही व्हिडिओ बघून रीळ घेऊन उतरलीत. मला तरी हे आवडतं. या निमित्ताने पोरं उधाण आणि भांग यातला फरक शिकतायत, पाण्याकडे बघायला शिकतायत. पण यातल्या एका गोष्टीवर कुणीच बोलत नाही, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. विषय आहे दोरीचा.

कुणी म्हणेल, "साहेब, तुम्ही बातम्या लिहा, आम्ही कुठली दोरी लावायची ते आमचं आम्ही बघू." मान्य. पण तुटलेली दोरी तुमच्याबरोबर घरी जात नाही, ती खाडीत राहते. आणि खाडी सगळ्यांची आहे.

आधी मासा समजून घेऊ. जिताडा म्हणजे इंग्रजीतला एशियन सी बास. खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा पाळायची पद्धत जुनी, आणि साहेबाकडून काम काढायचं तर जिताडा पोचवावा ही थट्टाही तितकीच जुनी. पण खाडीतला जिताडा गळाला लागला की थट्टा संपते. तो पाण्याबाहेर उसळी मारतो, डोकं झटकतो, आणि सरळ तिवरांच्या मुळांत किंवा पुलाच्या खांबाकडे पळतो. त्याच्या कल्ल्याची कड धारदार असते. खांबावर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार वेगळीच. दोरी तुटते ती बहुतेक वेळा माशाच्या वजनाने नाही, या घासण्याने.

बाजारात दोरी तीन प्रकारची मिळते. पहिला आपला तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी. स्वस्त, ताण पडला की थोडी लांबते, त्यामुळे झटका सोसते. उन्हात राहून मात्र कमजोर होते, म्हणून दर हंगामाला बदलावी लागते. दुसरी ब्रेड, बारीक धाग्यांची विणलेली. त्याच जाडीच्या तंगूसापेक्षा कितीतरी ताकदवान आणि अजिबात न ताणणारी, त्यामुळे मासा टोचला की हाताला लगेच कळतं. पण कालवावर घासली की सुतासारखी कापली जाते. तिसरी फ्लोरोकार्बन. पाण्यात कमी दिसते, जड असल्याने बुडते, पाणी शोषत नाही, आणि महाग असते.

आता घोळ कुठे होतो बघा. पोरं बारीक ब्रेड लावतात, कारण ती लांब फेकली जाते. तिलाच थेट गळ नाहीतर ल्युअर बांधतात. मासा खांबाला वळसा घालतो, दोरी मध्येच कुठेतरी तुटते आणि चाळीस-पन्नास मीटर दोरी गळासकट खाडीत जाते. काही जण भारीतली म्हणून फ्लोरोकार्बनचं अख्खं रीळ भरतात. अहो, आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यात दोरी न दिसण्याचा फायदा कितीसा? ती घासायला थोडी चिवट असते हे खरं, पण तुटली तर तळाशी जाऊन बसते.

माझ्या मते जिताड्यासाठी हिशोब सोपा आहे. रिळावर ५० पौंडांची ब्रेड, आणि पुढे साधारण एक मीटर ४० पौंडांचा जाड तंगूस, म्हणजे लीडर. पौंडाला २.२ ने भागलं की किलो मिळतात, म्हणजे ४० पौंड झाले साधारण १८ किलो. जाड तंगूस कल्ल्याची आणि कालवांची धार जास्त सोसतो. आणि लीडर ब्रेडपेक्षा थोडा कमजोर ठेवायचा. गाठ नीट मारली असेल तर गळ अडकल्यावर दोरी बहुतेक वेळा पुढच्या टोकालाच तुटते, खाडीत जाते ती हातभर. दोरी दणकट असली की मासाही लवकर काठावर येतो, आणि लहान निघाला तर जिवंत सोडता येतो.

ही हातभर आणि पन्नास मीटर यातली तफावत कुणाच्या अंगावर येते? ओहोटीला चिखलात हात घालून खुबे काढणाऱ्या बायांच्या. बातमीच्या निमित्ताने त्यांच्याशी बोलणं होतं तेव्हा गळ टोचल्याची, बोटात दोरी रुतल्याची तक्रार हमखास निघते. छोट्या होडीच्या पंख्यात दोरी गुंडाळली की आत सरकून सील खराब करते, आणि एका दिवसाचा धंदा तर जातोच, वर दुरुस्तीचा खर्च. तिवरात पाय अडकून लटकलेला बगळा मी स्वतः पाहिलाय. नायलॉन असो की ब्रेड, हे प्लॅस्टिकच. कुजत नाही.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कोळी बांधव दोन महिने बोटी वर ओढून ठेवतात, कारण समुद्र सगळ्यांचा आहे हे त्यांना सांगावं लागत नाही. हौसेने गळ टाकणाऱ्यांकडून आपण निदान एवढं तरी मागावं की तुटकी दोरी खिशात घालून घरी न्या.

ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला माझं सांगणं साधं आहे. प्रत्येक जेटीवर आणि पुलाजवळ चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा बांधा, खाली झाकण, वर "तुटकी दोरी इथे टाका" अशी पाटी. आठवड्याला कुणीतरी रिकामा करायचा. यासाठी ना निविदा लागते, ना उद्घाटन. दुकानदार मित्रांनो, गिऱ्हाईक दोरी मागेल तेव्हा भाव सांगण्याआधी विचारा, "कुठे टाकणार, खांबाजवळ की उघड्या पाण्यात?" आणि त्याप्रमाणे लीडर हातात द्या.

पुढच्या मासिक सभेत हा पाइपचा विषय कोण मांडतंय, ते कमेंटमध्ये सांगा. त्या दिवशी मी वही-पेन घेऊन हजर असेन.