पेढीच्या मापाची रचना

जळगावची डाळगिरणी असो, सराफ बाजारातील पेढी असो की धुळ्यातील अडतीचे दुकान असो, रोजमेळ आणि खतावणी आता वहीतून संगणकात गेली आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांना तोच मार्ग धरावा लागला. हे स्थित्यंतर अटळ होते आणि एकंदरीत हिताचेही ठरले. परंतु सॉफ्टवेअरची रचना कशी असावी हा प्रश्न व्यापारी निव्वळ तांत्रिक समजतो व तो तयार करणाऱ्या तरुणावर सोपवून मोकळा होतो. तो तरुणही पुष्कळदा पेढीकडे न पाहता पुण्या-बंगळूरच्या बड्या कंपन्यांकडे पाहून त्याचे उत्तर देतो.

या कंपन्यांत ‘मायक्रोसर्व्हिसेस’ पद्धतीचा बोलबाला आहे. विक्री, साठा, हिशेब यांचे निरनिराळे प्रोग्राम, प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा आणि परस्परांशी व्यवहार नेटवर्कवरून. शेकडो अभियंते एकाच वेळी काम करतात तेथे अशी वाटणी सोयीची असते. ज्या गिरणीचा हिशेब एक मुनीम व एक कारकून पाहतो, तेथे मात्र ती मुंगीच्या पाठीवर पोते ठेवण्यासारखी होते. पोती विकली गेली, पण साठ्याच्या प्रोग्रामला निरोपच पोचला नाही, तर मुनिमाने कोणता आकडा खरा मानावा? सॉफ्टवेअर एकसंध आणि डेटाबेस एकच असेल, तर विक्री व साठा या दोन्ही नोंदी एकत्र बांधता येतात. होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. थोरामोठ्यांनाही हे कळू लागले आहे. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ विभागाने चित्र व ध्वनीचा दर्जा तपासणारी आपली एक विखुरलेली यंत्रणा एकसंध केली आणि तिचा खर्च नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले.

अर्थात, एकसंध म्हणजे अस्ताव्यस्त नव्हे. १८ जुलै २०२२ पूर्वी डाळीवरील पाच टक्के कर प्रामुख्याने ब्रँड पाहून ठरे; त्या दिवसापासून पंचवीस किलोपर्यंतचे, आधी बांधून लेबल लावलेले पाकीट हा निकष झाला. ज्याने कराचे नियम एकाच जागी ठेवले होते, त्याचे काम एका बदलात भागले. ज्याने ते बिलाच्या प्रत्येक नमुन्यात विखरून ठेवले होते, त्याला साऱ्या जागा धुंडाळाव्या लागल्या. नियम बदलणारच, हे गृहीत धरून कप्पे पाडणे यालाच रचना म्हणतात.

दुसरा प्रश्न माहिती कोठे ठेवायची हा. दूरच्या सर्व्हरवर ठेवल्यास दुकानातला संगणक बिघडला तरी हिशेब वाचतो, आणि दोन गावच्या शाखा जोडता येतात. पण नेट बंद पडले म्हणून दारातला ग्राहक परत पाठवणे छोट्या दुकानदाराला परवडत नाही. म्हणून बिल दुकानातच व्हावे आणि त्याची प्रत रोज बाहेर सुरक्षित जावी, हा मध्यम मार्ग बहुतेकांना पुरेसा आहे. उधारीची संपूर्ण खतावणी हवी तेव्हा साध्या फाइलीत काढून घेता येईल, ही अट मात्र करारात असलीच पाहिजे. ज्याची खतावणी दुसऱ्याच्या कुलपात, त्याचा धंदाही दुसऱ्याच्या मर्जीवर.

धुळे जिल्ह्यात पांझरेवरील फड पद्धती काही शतके टिकली. दगडी बंधारा, उताराने वाहणारा पाट आणि गावाने नेमलेला पाटकरी, एवढाच तिचा संसार. ती टिकली, कारण बिघडली तर गावाला दुरुस्त करता येत होती. सॉफ्टवेअरलाही हीच कसोटी लावावी. करणारा तरुण उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला, तर गावातील दुसरा कोणी ते वाचून चालवू शकेल काय? खानदेशातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना नव्या पद्धती अवश्य शिकवाव्यात. परंतु कोणती रचना कोणाला नको, हेही त्याच वर्गात शिकवावे. गिऱ्हाइकाच्या गरजेपेक्षा मोठी रचना त्याच्या गळ्यात बांधणे ही हुशारी नव्हे; त्या हुशारीचा भुर्दंड अखेर पेढीलाच भरावा लागतो.