शिलाई मशीन वाटताय? मग आधी शिवणारीला विचारा

वाढदिवस असो, 8 मार्च असो नाहीतर निवडणुकीच्या तोंडावरचा मेळावा असो, आपल्याकडं मांडवात एक दृश्य ठरलेलं असतं. ओळीनं मांडलेली शिलाई मशीन, प्रत्येकावर साहेबांच्या फोटोचा स्टिकर, मशीनमागं डोक्यावर पदर घेतलेली एक ताई आणि पुढं कॅमेरा. दुसऱ्या दिवशी बातमी: ‘गरजू महिलांना शिलाई मशीन वाटप.’

त्यानंतर त्या मशीनचं काय झालं, ही बातमी मात्र कधीच येत नाही.

आधीच सांगतो, वाटपाला माझा विरोध नाही. शिलाई मशीनसारखी दुसरी भेट शोधून सापडणार नाही. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानलं होतं. बाईचे कष्ट वाचवणारं यंत्र म्हणून. आणि ते राहतंही तिच्या ताब्यात. शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत, ‘तिच्या ताब्यात’. आपल्या वाटपात नेमकं तेच हरवतं. मशीन कुठलं, किती जड, कुठल्या कामाचं, हे सगळं देणारा ठरवतो. शिवणारीला कुणी विचारतच नाही.

आता शिवणकाम म्हणजे एकच काम आहे का? ब्लाऊज, परकर, शाळेचा ड्रेस शिवणारीला सरळ शिलाईचं, पायानं चालणारं काळं मशीन पुरतं. लाईट गेली तरी काम थांबत नाही. पुढंमागं त्यालाच मोटर बसवता येते. गुडघे दुखणाऱ्या मावशींना मात्र मोटर पहिल्या दिवसापासून पाहिजे. साडीला फॉल-पिको करणारीला आडवी-तिरपी शिलाई घालणारं पिको मशीन लागतं. साध्या मशीनवर तिचं काम होत नाही. वाकळ, पिशव्या, रेक्झिनची कव्हरं शिवणारीला जड मशीन लागतं. हलक्या मशीनवर चार पदर घातले की सुई मोडते. आणि ऑर्डरवर कपडे काढणाऱ्या गटाला ‘जुकी’ म्हणतात तसलं कारखान्याचं वेगवान मशीन लागतं. ते नवशिक्या बाईला दिलं तर वेगाला घाबरून ती हातच लावणार नाही.

या चौघींना एकाच लॉटमधली चार मशीन दिली तर एखादीचंच चालेल. बाकीच्या तिघींची मशीन पोत्याखाली जातील, नाहीतर निम्म्या किमतीत विकली जातील. मग आपणच म्हणायचं, ‘बायकांना फुकटचं देऊन उपयोग नाही बघा.’

घरात लेकीला, सुनेला, बहिणीला मशीन घेऊन देणाऱ्यांनाही हेच लागू आहे. दुकानात तिला सोबत न्या. आणि एवढं बघा.

पहिलं, घरातलंच कापड न्या. एक पातळ, एक जाड. पातळ कापडाला 11 नंबरची सुई, मध्यमला 14, जाडला 16. दोन्हीवर हळू आणि जोरात शिवून बघा. शिलाई वरून आणि खालून सारखी दिसली पाहिजे. खाली दोऱ्याचे फास पडत असतील तर दुकानदाराला ताण जुळवायला सांगा. जुळत नसेल तर ते मशीन नको.

दुसरं, चाक हातानं फिरवा. अडकत, खडखडत असेल तर पुढं जाऊ नका. मशीन जुनं घेतलं तरी चालतं. लोखंडी बनावटीची जुनी मशीन नीट तेल दिलं तर वर्षानुवर्षं चालतात. पण शटल झिजलंय का, हे कारागिराला दाखवून घ्या.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बॉबिन केस, शटल, पट्टा हे गडहिंग्लजमध्ये मिळतात का? दुरुस्त करणारा कोण? नेसरीच्या किंवा हलकर्णीच्या बाईला वीस रुपयांच्या पार्टसाठी कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागलं, तर एसटीचं तिकीट आणि बुडालेला दिवस धरून ते स्वस्त मशीन महागात पडतं. कंपनी मोठी का छोटी, हा नंतरचा प्रश्न. आपल्या गावातला मिस्त्री ते मशीन उघडू शकतो का, हा पहिला.

चौथं, पावती आणि वॉरंटी कार्ड तिच्याच नावावर पाहिजे. मंडळाच्या, ट्रस्टच्या किंवा नवऱ्याच्या नावावर नको. मशीन बिघडलं की दुकानात तीच जाणार आहे.

आणि मोबाईलवर जाहिरात येते ते हातात धरायचं इवलंसं मशीन भेट म्हणून कुणाला देऊ नका. एकाच दोऱ्याची शिलाई, टोक ओढलं की सगळी उसवते. त्यावर कुणाचा संसार चालत नाही.

साधं पायाचं मशीन स्टँडसकट दहा हजारांच्या आसपास येतं. मोठी रक्कम नाही, पण शेतमजुरी करणाऱ्या घराला एकदम काढणं अवघड. म्हणून योजना आहेत. पण त्यातही मेख आहे.

जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावे लागतात. त्यातून शिलाई आणि पिको मशीनच्या योजना निघतात. पूर्वी मशीन खरेदी करून वाटायचे. 2016 च्या शेवटी राज्य सरकारनं वस्तूंऐवजी थेट खात्यावर पैसे द्यायचं धोरण आणलं. ठेकेदाराचा लॉट बंद झाला, बाईला निवड मिळाली. चांगलं झालं. पण रीत काय? आधी स्वतःच्या पैशानं खरेदी करा, पावती जोडा, मग पैसे येतील. ज्या बाईकडं दहा हजार नाहीत म्हणून ती अर्ज करते, तिलाच आधी दहा हजार आणायला सांगायचे! मग लाभ कुणाला होतो? ज्यांच्याकडं पैसे आहेत त्यांना, नाहीतर व्याजानं काढणाऱ्यांना.

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत ही अडचण कमी आहे. 18 पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं, म्हणजे खिशातून आधी घालावे लागत नाहीत. पण एका कुटुंबात एकालाच, आणि आधीपासून हे काम करणाऱ्यालाच. ‘सगळ्या महिलांना मोफत शिलाई मशीन’ अशी केंद्राची योजना नाही, हे पत्र सूचना कार्यालयानं जाहीर केलेलं आहे. तसल्या मेसेजमधल्या लिंकवर आधार नंबर आणि ओटीपी देऊ नका. घरातल्या बायकांनाही आजच सांगा.

जिल्हा परिषदेनंही व्हाउचरची वाट धरावी. आणि वाटप करणाऱ्या साहेबांनी, मंडळांनी, पतसंस्थांनी पन्नास मशीनच्या जागी चाळीस द्यावीत. वाचलेल्या पैशातून वर्षभराची दुरुस्ती आणि आठवडाभराचं शिक्षण द्यावं. तेल कुठं घालायचं, सुई कशी बदलायची, ताण कसा जुळवायचा, एवढं आलं तरी निम्मी मशीन बंद पडणार नाहीत.

कुणी म्हणेल, निवड बायकांच्या हातात दिली तर पैसे दुसरीकडं जातील. म्हणून तर व्हाउचर. त्यातून मशीनच येतं, फक्त तिच्या पसंतीचं.

शेवटचा मुद्दा कामाचा. मशीन घरात आलं, पण काम कुठंय? 2024-25 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ करताना शिलाई माविममार्फत बचत गटांकडं दिली. हेतू बरा होता, पण गणवेश वेळेत आले नाहीत, मापाच्या तक्रारी झाल्या. डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं सोपवलं. म्हणजे आता निर्णय गावातच आहे. त्या समितीत तुम्ही-आम्हीच आहोत. गावातल्या पोरांचा ड्रेस गावातल्या बाईनं माप घेऊन शिवला तर बाही आखूड होणार नाही आणि पैसाही गावात राहील. रेडिमेडची घाऊक ऑर्डर बाहेर पाठवायची आणि इथं मशीन वाटायची, याला काय अर्थ आहे?

नगरसेवक, सदस्य, मंडळांचे अध्यक्ष यांना एकच विनंती. पुढच्या वेळी ‘इतकी मशीन वाटली’ असा बोर्ड लावाल तेव्हा शेजारी अजून एक आकडा लिहा. मागच्या वर्षी वाटलेल्यांपैकी आज किती चालू आहेत?

तुमच्या गल्लीत, वाडीत असं वाटपाचं मशीन असेल तर चालू आहे की बंद, आणि बंद असेल तर कशामुळं, ते कमेंटमध्ये लिहा. कुणाचं नाव नको, गावाचं नाव पुरे. यादी झाली की ती पंचायत समितीत घेऊन जाऊया.