शेजाऱ्याच्या खात्यावर पडणारा खर्च



अनसिंगच्या बाजारपेठेत सकाळी दुकाने उघडण्याच्या वेळी फेरफटका मारावा आणि कापड, किराणा वा कृषी केंद्र, कोणत्याही गादीवर टेकावे. दहा मिनिटांत पुण्याच्या सदनिकेचा विषय निघतो. मुलाच्या शिक्षणासाठी घेतली, पुढे मुलाला नोकरी बंगळूरला लागली, आता ती कुलूपबंद आहे, काय करावे? या प्रश्नाला अलीकडे एक नवे उत्तर मिळू लागले आहे. महिन्याच्या भाड्याने कशाला देता, दिवसाच्या भाड्याने द्या. 'एअरबीएनबी'सारख्या ॲपवर टाका, दुप्पट मिळतील. गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला याविषयी विचारले. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाने हिशेब मांडून द्यावा, ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. हिशेब मी मांडणार आहे, परंतु तो माझ्याच घरचा आहे, आणि त्यात माझी चूकही नोंदलेली आहे.

पुण्याच्या पश्चिम भागात आमची एक लहानशी सदनिका आहे. नोकरीत असताना गृहकर्ज काढून घेतली होती. चिरंजीव परदेशी गेल्यावर ती रिकामी पडली. महिन्याचे भाडे 22,000 रुपये येत होते. चिरंजीवांनी दूरध्वनीवरून सुचवले, "पप्पा, एका रात्रीचे अडीच हजार मिळतात. महिन्यात सोळा रात्री गेल्या तरी चाळीस हजार होतात." आकडा ऐकून मीही मोहात पडलो. स्थानिक देखभालीसाठी एक तरुण ठरवला, दाराला आकड्यांचे कुलूप बसवले आणि आठ महिने हा उद्योग चालवला.

आता रोजमेळ पाहा. सरासरी महिन्यात जमा 40,000. नावे बाजूस: ॲपचे आणि देखभाल करणाऱ्याचे मिळून 8,000, दर मुक्कामानंतरची सफाई व चादरींची धुलाई 4,000, वीज व इंटरनेट 3,500, तुटफूट, गॅस, साबण, चहा-साखर 1,500. एकूण 17,000. हाती उरले 23,000. नियमित भाडेकरू 22,000 देत होता आणि विजेचे बिलही स्वतःच भरत होता. म्हणजे जो नफा मला दुप्पट वाटत होता, तो प्रत्यक्षात महिना 1,000 रुपये होता. पेढीवर असा व्यवहार कोणी आणला असता, तर मी कर्ज मंजूर केले नसते.

परंतु खरा खर्च माझ्या वहीत नव्हताच. तो समोरच्या दारामागे राहणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या वहीत पडत होता. बाई सेवानिवृत्त शिक्षिका. यजमानांची हृदयशस्त्रक्रिया झालेली. एके रात्री दीड वाजता माझा फोन वाजला. आलेल्या पाहुण्यांना कुलपाचा आकडा सापडेना, म्हणून त्यांनी बाईंची घंटा वाजवली होती. त्या महिन्यातली ती तिसरी वेळ. बाईंचा आवाज चढलेला नव्हता. त्या इतकेच म्हणाल्या, "साहेब, पूर्वी समोर कोण राहते हे मला माहीत असायचे. यांना रात्री काही झाले, तर कोणाचे दार ठोठवायचे तेही ठरलेले होते. आता त्या दारामागे कोण आहे, हे मला कोणत्याच दिवशी ठाऊक नसते."

मी अनसिंगला, पाचशे कोस दूर असल्यासारखा, अंथरुणावर बसून होतो. उठून काही करणे शक्य नव्हते. माझ्या हजार रुपयांसाठी त्या बाई दर महिन्याला आपली झोप आणि शेजार मोजत होत्या, आणि त्याची पावती त्यांना कोणीही देत नव्हते.

पुढे संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय आला. मी ट्रॅव्हल्सने रात्रभर प्रवास करून मुद्दाम गेलो. एका बाजूचे म्हणणे, इमारतीची धर्मशाळा झाली. उद्वाहनात अनोळखी माणसे, वाहनतळात अनोळखी गाड्या, रखवालदार तरी कोणाकोणाला ओळखणार? दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते. एका तरुणाचे कर्जाचे हप्ते याच उत्पन्नावर चालत होते. एका विधवा भगिनी स्वतःच्या सदनिकेतील एक खोली पाहुण्यांना देऊन औषधपाणी भागवत होत्या. आणि माझ्या स्वतःच्या नोंदीत एक नाव असे होते की ते आठवले की मला आजही हा उद्योग सरसकट वाईट म्हणवत नाही. आपल्याच भागातील एक कुटुंब वडिलांच्या उपचारांसाठी बारा दिवस तेथे राहिले. हॉटेलात चूल नाही, सूर्यास्तापूर्वी घरचे अन्न मिळण्याची सोय नाही. आमच्या ओट्यावर त्यांनी खिचडी शिजवली आणि जाताना भांडी घासून, पालथी घालून गेले. अशा माणसाला आपण कोठे पाठवणार?

सभेत आपल्याच समाजातील एका गृहस्थांनी निराळा मुद्दा काढला: येणारे लोक कोण, काय खाणारे, याची चौकशी आधी व्हावी. मी नम्रपणे विरोध केला. तक्रार गोंगाटाची असावी, रात्री अकरानंतरच्या घंटेची असावी, मालकाच्या अनुपस्थितीची असावी. पाहुण्याच्या आडनावाकडे किंवा ताटाकडे बोट दाखवले, की आपली रास्त तक्रारही गढूळ होते, आणि उद्या दुसऱ्या इमारतीत आपल्याच मुलांना तोच प्रश्न विचारला जातो.

कायदा काय म्हणतो, हे वाचकांनी जाणून घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेला पूर्वसूचना द्यावी लागते. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यावी लागते. बिनभोगवटा शुल्क मात्र संस्थेला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. ही सारी व्यवस्था अकरा महिने राहणाऱ्या माणसाला समोर ठेवून रचलेली आहे. दोन रात्रींच्या पाहुण्याचा करार कोण नोंदवणार? करव्यवस्थेने मात्र भेद ओळखलेला आहे. एखाद्या सामान्य कुटुंबाला राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. अल्प मुक्कामाच्या निवासावर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या अशा निवासावर तो 5 टक्के आहे, आणि मालक नोंदणीकृत नसेल तर ॲप चालवणारी कंपनी तो भरते. परदेशी पाहुणा उतरला, तर 24 तासांच्या आत त्याची माहिती शासकीय यंत्रणेला ऑनलाइन कळवावी लागते. म्हणजे सरकारच्या लेखी हा घरभाड्याचा नव्हे, उतारू ठेवण्याचा व्यवहार आहे. व्यापाऱ्याने व्यापाराला व्यापारच म्हणावे.

शेजारच्या गोव्यात 1982 चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. पर्यटकांना घर वा खोली देणाऱ्यानेही पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. बार्सिलोना शहराने जून 2024 मध्ये जाहीर केले की पर्यटकांसाठीच्या 10,101 सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपुष्टात आणले जातील. कारण तेथील रहिवाशांनाच घर परवडेनासे झाले. न्यूयॉर्कने 5 सप्टेंबर 2023 पासून निराळा मार्ग धरला. तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घर द्यायचे, तर मालकाने नोंदणी करावी, मुक्कामाच्या काळात स्वतः त्याच घरात हजर असावे आणि पाहुणे दोनांहून अधिक नसावेत. केंद्र शासनाच्या 'इन्क्रेडिबल इंडिया बेड अँड ब्रेकफास्ट' योजनेतही मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहणे ही अट आहे.

विशेष म्हणजे 'एअरबीएनबी'चा उगमही असाच होता. ऑक्टोबर 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील दोन तरुणांनी घरभाडे भागवण्यासाठी हवा भरलेल्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले, परंतु ते स्वतः त्याच घरात होते. मालक घराबाहेर पडला आणि दाराला आकड्यांचे कुलूप आले, तेव्हापासून बिघाड सुरू झाला.

हे वाचताना मला आपल्या धर्मशाळा आठवल्या. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला जाणारा यात्रेकरू असो, की मुंबईत सी. पी. टँकजवळ शेठ माणिकचंद हिराचंद यांनी वडिलांच्या स्मरणार्थ उभारलेल्या हिराबागेत उतरणारा व्यापारी असो, जुन्या धर्मशाळेची रीत एकच. दारात मुनीम बसलेला. वहीत नाव, गाव, येण्याचे कारण. मुक्कामाच्या दिवसांची मर्यादा. रात्री ठरल्या वेळी फाटक बंद. नोंद, मर्यादा आणि हजर असलेला जबाबदार माणूस: न्यूयॉर्कने कायदा करून जे आणले, ते आपल्या मुनिमाच्या वहीत शंभर वर्षांपूर्वी होते. इमारतीची धर्मशाळा झाली, असे सभेत म्हणणाऱ्या गृहस्थांना मी तेच सांगितले: धर्मशाळा झाली असती तर तक्रारच उरली नसती, येथे मुनीमच नाही.

आपण सहजपणे 'अतिथी देवो भव' म्हणतो. परंतु ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी; आगाऊ पैसे भरून, तारीख नक्की करून येतो तो ग्राहक. ग्राहकाचा सत्कार अवश्य करावा, पण तो शेजाऱ्याच्या खर्चाने करू नये. अचौर्याचा विचार आपण तराजू आणि मापापुरता ठेवतो. दुसऱ्याची झोप न विचारता घेणे त्यात बसते की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मी माझ्यापुरते ठरवले.

सभेने वकिलाचा सल्ला घेऊन, उपविधींच्या चौकटीत ठराव केला: तीस दिवसांहून कमी मुक्कामाचा पाहुणा ठेवायचा, तर मालक वा त्याच्या घरचे माणूस त्याच सदनिकेत राहत असावे, आणि पाहुण्याची नोंद रखवालदाराच्या वहीत व्हावी. त्या विधवा भगिनींचा उपजीविकेचा मार्ग त्यामुळे टिकला. माझा बंद झाला. हप्ते भरणाऱ्या त्या तरुणाला त्रास झाला, हे मी लपवत नाही. त्याला चांगला भाडेकरू मिळायला दीड महिना गेला. मी माझी सदनिका पुन्हा नोंदणीकृत कराराने एका तरुण जोडप्याला दिली. भाडे 22,000. हजार रुपये गेले.

उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न मात्र ठरावाने सुटलेला नाही, आणि तो सुटल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. पुण्यात आपल्या समाजाची कुटुंबे कमी नाहीत. स्वतः राहत असलेल्या घरातली एक खोली, वर्षातून एखाद्या रुग्णाच्या कुटुंबासाठी पंधरा दिवस उघडणारी पन्नास घरे निघाली, तर चुलीचा आणि चौविहाराचा दोन्ही प्रश्न मिटतात, आणि मालकही घरात हजर असतो. गावोगावच्या समाजमंडळांनी अशा घरांची यादी करावी, असे मी सुचवतो. पुण्यातील नातलगांना हा अंक वाचून झाल्यावर एक फोन करावा.

गेल्या पर्युषणात क्षमापनेसाठी त्या शिक्षिका बाईंना फोन केला. 'मिच्छामि दुक्कडम्'चा अर्थ त्यांना सांगावा लागला. ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "समोरच्या सूनबाई यांच्या गोळ्या आणून देतात हो." माझ्या रोजमेळात ही नोंद कोणत्या बाजूला लिहावी, हे अजून ठरलेले नाही.

जय जिनेंद्र.