प्राध्यापकांनाही प्रशिक्षण हवे

विषयात पारंगत असलेल्या अभियांत्रिकी प्राध्यापकाला शिकवण्याचे प्रशिक्षण कशाला, हा एका पत्रलेखकाचा आक्षेप पटत नाही. तंत्रशिक्षकांसाठीची भोपाळची राष्ट्रीय संस्था १९६५ पासून याच कामासाठी आहे. महाराष्ट्र, गोवाही तिच्याच कक्षेत येतात. मात्र नुसत्या प्रमाणपत्राने तास सुधारत नाही. सहकाऱ्याने मागच्या बाकावर बसून तास पाहावा, नंतर मोकळेपणी बोलावे. प्रश्न कसा विचारावा, हेही शिकावे लागते. उदाहरणार्थ, भेडाघाटला धुवांधार धबधब्याखाली नर्मदा संगमरवरी कड्यांत चिंचोळी होते, तरी पाणी संथ, नाव चालते. असे का? उत्तर शोधत विद्यार्थी पाण्याच्या खोलीपर्यंत पोचले की प्रवाहाच्या सातत्याचे समीकरण आपोआप उमगते. अशा तयारीसाठी महाविद्यालयांनी नवख्या प्राध्यापकांचे तास पहिल्या वर्षी तरी कमी ठेवावेत.

– एक वाचक, भेडाघाट (जबलपूर)