आधी इमारतीची कुंडली, मग सॉफ्टवेअर



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बिम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग समजून घेतलं. आता मेंटेनन्सच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांसाठी माझं मत सांगतो.

समजा, डहाणू रोडच्या एका लॉजमध्ये भिंतीला ओल आलीय. प्लंबर अंदाजाने तीन ठिकाणी टाइल्स फोडतो, चौथ्या ठिकाणी गळका पाइप सापडतो. दुरुस्ती थोडक्यात होते, खरा खर्च तोडफोडीचा. का? पाइप कुठून गेलाय हे कुणी लिहूनच ठेवलं नाही!

बिम म्हणजे नुसतं थ्री-डी चित्र नाही. त्यात प्रत्येक पंप, व्हॉल्व्ह, केबलची माहिती असते: कंपनी कोणती, कधी बसवला, वॉरंटी किती. नागपूर मेट्रोने ५-डी बिम वापरलं, म्हणजे तीन मितींना वेळ आणि खर्चही जोडला. बांधकाम काही वर्षांत संपतं, पण देखभाल पुढे कित्येक दशकं चालते. या माहितीचा खरा उपयोग तिथेच.

"सर, हे मोठ्यांचं काम!" अर्धं खरं आहे. कर्ज काढून महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका, असंच मी सांगेन. पण मॉडेलमधली देखभालीची माहिती सोप्या तक्त्यात देण्याची एक पद्धत आहे. नाव कोबी, भाजीशी संबंध नाही! हा तक्ता एक्सेलमध्येही उघडतो. म्हणजे सवय तुम्ही आजच लावू शकता.

एकच इमारत घ्या. प्रत्येक वस्तूला नंबर द्या. प्लास्टर होण्याआधी पाइप-वायरिंगचे फोटो काढा, भिंतीला टेप लावून. आपल्याकडे खाऱ्या हवेने एसीचे आउटडोअर युनिट गंजतात, त्यांच्या सर्व्हिसच्या तारखा लिहा. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसताहेत. भिंतीच्या तडांचे तारीखवार फोटो असतील तर तडा जुना की नवा, हे कळेल. तो धोकादायक आहे का, हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच ठरवेल.

या नोंदीचे पैसे वेगळे लावा, बिलात वेगळी ओळ टाका. फुकट दिलेल्या कामाला किंमत राहत नाही.

आणि नोंदीची प्रत मालकाला द्याच. "मग तो दुसऱ्याला बोलावेल" ही भीती मला कळते. बोलावेलही एखादा. पण माहिती अडवून टिकवलेलं गिऱ्हाईक पहिल्या संधीला सुटतं, विश्वासाने जोडलेलं सहसा परत येतं.

शेवटचं, केबल हलवली तर नोंद त्याच दिवशी बदला. जुन्या नोंदीवर भरवसा ठेवून कुणी ड्रिल मारलं, तर जिवावर बेतेल. रोज अपडेट करायची तयारी नसेल, तर हे काम विकूच नका.

आज सुरुवात स्वतःच्या दुकानापासून करा. मेन स्विच कुठली लाइन बंद करतो, लिहिलंय का कुठे?