आधी छप्पर, मग मन

‘व्यक्तिमत्त्व विकास’ या शब्दाची मला थोडी धास्तीच वाटते. दोन दिवसांचं शिबिर, सकाळी ध्यान, दुपारी ‘स्वतःवर प्रेम करायला शिका’, आणि संध्याकाळी बाई परत त्याच घरात. मार खाणाऱ्या बाईला ‘तुझा दृष्टिकोन बदल’ असं सांगणं हे सासूच्या ‘जरा सोसायला शीक’पेक्षा फार वेगळं नाही. भाषा तेवढी सुशिक्षित.

म्हणूनच ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंचं काम आपल्या गटांनी समजून घ्यावं असं वाटतं. त्या घडल्या त्याच मुळी स्त्री-चळवळीत. त्यांचं ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ 1992 साली आलं. युद्धावरून परतलेला सैनिक, छळ सोसलेला राजकीय कैदी आणि नवऱ्याचा मार खाणारी बाई यांच्या मनावरच्या जखमांची जात एकच, हे त्यांनी त्यात मांडलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली आघातोत्तर विकाराची व्याख्या केली, तेव्हा घटना ‘नेहमीच्या मानवी अनुभवापलीकडची’ हवी अशी अट होती. बलात्कार आणि मारहाण बायकांच्या आयुष्यात इतकी नेहमीची, की ही अट टिकतच नाही, हे हर्मननी दाखवून दिलं. 1994 साली ती अट गेली.

त्यांच्या उपचाराचे टप्पे तीन: सुरक्षितता, घडलेलं आठवणं आणि त्याचा शोक करणं, मग माणसांत पुन्हा मिसळणं. हे जिन्यासारखे एकामागून एक येत नाहीत, बाई पुढे-मागे होत राहते, असं त्याच सांगतात. पण पहिला टप्पा गाळून चालत नाही.

आणि आपल्याकडे नेमका तोच गळतो. बाई केंद्रात आली की पहिला प्रश्न, ‘काय झालं, सुरुवातीपासून सांगा.’ मग तेच पोलीस ठाण्यात, संरक्षण अधिकाऱ्यापुढे, वकिलापुढे, कोर्टात. अर्जासाठी हकीगत लागते, मान्य. मग अर्जापुरतीच घ्यावी. रडून मोकळी झाली म्हणजे बाई बरी झाली असं नाही. आज रात्री ती कुठे झोपणार, मुलं कोणाकडे, रेशनकार्ड आणि दागिने कोणाच्या कपाटात, हेच खरं तर मानसोपचाराचे पहिले प्रश्न. ते सोडवणारी कार्यकर्ती उपचारच करत असते. तिला त्याचं श्रेय मिळत नाही, आणि मानधन तर नाहीच!

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार न्यायदंडाधिकारी नवरा-बायकोला एकत्र समुपदेशनाला पाठवू शकतात. पण 2006 च्या नियमांत स्पष्ट आहे की पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याने द्यायची, आणि समुपदेशनात हिंसेचं समर्थन त्याला करता येणार नाही. ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्य आलं की तिथेच थांबवायला हवं. किती ठिकाणी थांबवतात? बहुतेकदा पुढचा प्रश्न तिलाच असतो, ‘तुम्ही काय बोललात?’

तिसऱ्या टप्प्याबद्दल मात्र चळवळीलाच दोन शब्द. गटात बसून ‘माझंही असंच’ ऐकणं हे मोठं औषध आहे, यात शंका नाही. पण जिची रात्रीची झोप अजून उडालेली आहे, तिच्या हाती 8 मार्चला माइक देऊ नये. तिची कहाणी आपल्या अहवालासाठी नाही. बोलायचं की नाही, कधी आणि कोणापुढे, हे तिने ठरवायचं. अत्याचारात तिच्या हातून गेलं ते हेच, स्वतःचं ठरवणं.

2023 च्या ‘ट्रुथ अँड रिपेअर’मध्ये हर्मननी अत्याचार सोसलेल्यांनाच विचारलं, न्याय म्हणजे काय? अनेकांना शिक्षेपेक्षा हवं होतं ते हे, की आपल्या माणसांनी ‘हे घडलं, आणि दोष तुझा नव्हता’ असं उघड मान्य करावं. आपल्याकडे ते भावकीला, शेजारपाजाऱ्यांना, माहेरच्यांना म्हणावं लागेल. त्यांच्या दारी जायचं काम समुपदेशक करणार नाही. ते गटालाच करावं लागेल, आणि तेही तिने ‘जा’ म्हटल्यावर.